बरणीपासून परिशिष्ट २ पर्यंत : एका प्रस्तावाच्या प्रकल्प नोंदी

११ ऑगस्ट

फाइल आज उघडली. उद्दिष्ट एका ओळीत सांगायचं तर: रानातून पकडून शोभेसाठी विकल्या जाणाऱ्या पालींचा एक अख्खा जीनस (जवळच्या प्रजातींचा गट) 'साइट्स' या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्ट २ मध्ये यावा, आणि त्यासाठी लागणारा पुरावा संग्रहालयातल्या नमुन्यांमधून उभा करावा.

परिशिष्ट २ म्हणजे बंदी, असा समज सरकारी कचेऱ्यांपासून पाल पाळणाऱ्यांपर्यंत सगळीकडे आहे. तो पहिल्याच कागदात खोडून काढायला हवा. परिशिष्ट २ मध्ये व्यापार चालू राहतो. फक्त निर्यात करणाऱ्या देशाला परवाना द्यावा लागतो, आणि या निर्यातीमुळे रानातल्या संख्येला धोका नाही असा निर्वाळा त्याआधी त्या देशाच्या वैज्ञानिक प्राधिकरणाने द्यावा लागतो. आज या पालींसाठी हे काहीच होत नाही. कोण किती नेतं, याचा हिशेबच नाही.

जीनसचं नाव आणि देशाचं नाव या नोंदींत घालायचं नाही असं ठरलं. बंधन येणार अशी कुणकुण लागली की ते लागू होण्याआधी माल उचलायची घाई सुरू होते. परिशिष्ट २ मधून जास्त कडक परिशिष्ट १ मध्ये गेलेल्या प्रजातींचा व्यापार मधल्या काळात वाढल्याचं २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं आहे. प्रस्ताव अधिकृतपणे जाहीर होईपर्यंत फाइलवर फक्त क्रमांक राहील.

प्रस्ताव देण्याचा हक्क फक्त सदस्य देशांचा, संग्रहालयाचा नव्हे. त्यामुळे मसुदा आपला, पण सही शासनाच्या व्यवस्थापन प्राधिकरणाची, म्हणजे साइट्सचे परवाने देणाऱ्या कचेरीची. सदस्य देशांच्या परिषदेच्या १५० दिवस आधी प्रस्ताव करार सचिवालयाकडे पोचला पाहिजे. ही तारीख भिंतीवर लावली आहे. बाकीचं वेळापत्रक तिच्यापासून मागे मोजत आखलं.

१९ ऑगस्ट

विश्वस्त मंडळाची परवानगी. हे काम आधी करावं. मसुदा तयार झाल्यावर मंडळाला विचारलं तर हमखास अडतं, कारण तोवर बाहेर चर्चा सुरू झालेली असते आणि "संग्रहालयाची भूमिका काय" हा प्रश्न वर्तमानपत्राकडून आधी येतो.

मंडळाला दिलेल्या टिपणात दोन गोष्टी वेगळ्या कागदांवर ठेवल्या. एका कागदावर पुरावा: नमुने काय सांगतात. दुसऱ्यावर शिफारस: त्यावरून काय करावं. पुराव्याचा कागद संग्रहपालांच्या सहीने जाईल, शिफारशीचा संस्थेच्या सहीने. कुणाला शिफारस पटली नाही तरी पुरावा त्यासोबत टाकून देता येऊ नये, म्हणून ही फाळणी. संस्थेला मिळणाऱ्या देणग्यांची यादीही जोडली. पुढे हितसंबंधांचा प्रश्न कुणीतरी काढणारच, त्याचं उत्तर आधीच कागदावर असावं.

"संग्रहालयाने धोरणात का पडावं?" असं मंडळात विचारलं गेलं. उत्तरादाखल बहिरी ससाण्याचं उदाहरण दिलं. १९६७ मध्ये ब्रिटिश अभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहांतली जुनी आणि नवी अंडी तोलून दाखवून दिलं की १९४७ च्या सुमारापासून टरफलं पातळ झाली आहेत. पद्धत साधी होती: टरफलाचं वजन मिलिग्रॅममध्ये, भागिले लांबी गुणिले रुंदी, मिलिमीटरमध्ये. अंडं फोडायची गरज नाही. कीटकनाशक येण्याआधीची अंडी कुणीतरी तारखेसह जपून ठेवली होती, म्हणून तुलना करता आली. डीडीटीवर पुढे जी बंधनं आली त्यांमागच्या पुराव्यात या अंड्यांचा मोठा वाटा आहे. आधीची स्थिती नोंदवलेली नसेल तर ऱ्हास सिद्ध करता येत नाही, आणि आधीची स्थिती आपल्या कपाटांत आहे.

परवानगी मिळाली.

१ सप्टेंबर

ओल्या संग्रहाची पाहणी सुरू. पाली ७० टक्के इथेनॉलमध्ये आहेत. जुन्या बऱ्याच नमुन्यांवर आधी फॉर्मॅलिनची प्रक्रिया झालेली आहे, त्यामुळे त्यांच्याकडून डीएनएची फार अपेक्षा ठेवायची नाही. त्याच मोहिमेतले थेट अल्कोहोलमध्ये गेलेले नमुने वेगळे काढून त्यांना निळी फीत बांधली.

कामाचा नियम: टेबलावर एका वेळी एकच बरणी, बरणीबाहेर एकच नमुना. दोन बरण्या एकत्र उघडल्या की चिठ्ठ्या बदलतात, आणि ही चूक नंतर कुणालाच शोधता येत नाही. नमुना बाहेर असेल तोवर अल्कोहोलने भिजवलेल्या मलमलीवर ठेवायचा. नायट्राइलचे हातमोजे, खिडकी किंवा एक्झॉस्ट चालू, जवळ ठिणगी उडेल असं काही नको.

पातळी उतरलेल्या बऱ्याच बरण्या सापडल्या. इथे एक सवय मोडावी लागते. पातळी उतरली की वरून ७० टक्क्यांचंच ओततात, पण पाण्यापेक्षा अल्कोहोल लवकर उडतं, त्यामुळे उरलेलं द्रावण पातळ झालेलं असतं. आधी हायड्रोमीटरने मोजा. एक लिटरच्या बरणीत ८०० मिली उरलं असेल आणि ते ६५ टक्क्यांवर आलं असेल, तर वरचे २०० मिली ९० टक्क्यांचे हवेत. ढोबळ हिशेब आहे, पण पुरतो.

प्रत्येक नमुन्याचं मोजमाप: तुंडापासून गुदछिद्रापर्यंतची लांबी डिजिटल कॅलिपरने ०.१ मिमीपर्यंत, शेपूट मूळची की पुन्हा उगवलेली, लिंग, मांडीवरची छिद्रं, बोटांखालच्या पट्ट्या. फोटो तीन: पाठ, पोट, चिठ्ठी. चिठ्ठीच्या दोन्ही बाजू घ्यायच्या. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेला उंचीचा आकडा पुष्कळदा नोंदवहीत उतरलेलाच नसतो.

२३ सप्टेंबर

या प्रकल्पाचा कणा म्हणजे चिठ्ठीवरच्या ठिकाणाचं अक्षांश-रेखांशात रूपांतर. धोरणाच्या कागदात जो नकाशा जातो तो इथे बनतो, आणि विरोधक तपासतात तोही हाच.

एक चिठ्ठी नमुन्यादाखल. जाड कापडी कागद, शाई तपकिरी झालेली. गावाचं नाव, "उत्तरेस ५ मैल", "३००० फूट", खाली तारीख, त्याखाली वेगळ्या हस्ताक्षरात दुसरी तारीख. दुसरी तारीख संग्रहालयात दाखल झाल्याची. नोंदवहीत नेमकी तीच "पकडल्याची तारीख" म्हणून उतरली होती. अशा जोडतारखांमुळे एखादी प्रजाती प्रत्यक्षात दिसली त्यापेक्षा कित्येक वर्षं उशिरापर्यंत दिसत होती असं वाटतं. ऱ्हासाच्या हिशेबात ही चूक फार महाग पडते. उपाय: मोहिमेची दैनंदिनी काढून त्या दिवशी तो गट कुठे होता ते पाहणं. दैनंदिनी नसेल तर तारखेला "या वर्षाच्या आधी" एवढाच दर्जा.

आता "उत्तरेस ५ मैल". पाच मैल म्हणजे सुमारे ८ किमी. पण रस्त्याने की सरळ रेषेत, ते लिहिलेलं नाही. "उत्तर" म्हणजे नेमकी उत्तर, हेही लिहिलेलं नाही. चार मुख्य दिशांपैकी एक असं धरलं तर दोन्ही बाजूंना ४५ अंशांची मोकळीक ठेवावी लागते, आणि ८ किमीवर त्या एकाच कारणाने सुमारे ६ किमीची अनिश्चितता येते. त्यात गावाचा स्वतःचा पसारा आणि "५" हा आकडा किती गोळाबेरीज आहे ते मिळवायचं. म्हणून नकाशावर नुसता बिंदू टाकायचा नाही. बिंदू आणि त्रिज्या दोन्ही द्यायच्या. त्रिज्या मीटरमध्ये, संदर्भ-प्रणाली डब्ल्यूजीएस ८४, आणि ती कशी काढली त्याचं एक वाक्य. त्रिज्येचा रकाना रिकामा असलेली नोंद विश्लेषणात जाणार नाही. 'जीबिफ' या जागतिक जैवविविधता माहितीसाठ्यावरून घेतलेल्या नोंदींनाही हाच नियम.

नेहमी सापडणारे घोटाळे इथे टिपून ठेवतो, म्हणजे नवीन येणाऱ्यांचा वेळ वाचेल. १२ अंश ३० मिनिटं हे १२.५ होतं, १२.३० नव्हे. या एका चुकीने बिंदू सुमारे २२ किमी सरकतो, आणि सरकलेली जागा तितकीच खरी वाटते, म्हणून ती डोळ्याला खटकत नाही. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल मात्र लगेच दिसते, बिंदू समुद्रात पडतो. फूट मीटरच्या रकान्यात गेले की ९१४ मीटरवरची पाल ३००० मीटरवर जाऊन बसते. देशाच्या किंवा जिल्ह्याच्या मध्यबिंदूवर साचलेल्या नोंदी म्हणजे सॉफ्टवेअरने स्वतःहून भरलेली जागा. संग्रहालयाच्याच पत्त्यावर पडलेले बिंदू तर जवळजवळ प्रत्येक मोठ्या संग्रहात असतात. एकाच मोहिमेचे नमुने दोन-तीन संग्रहालयांत वाटले गेले असतील तर त्या वेगळ्या नोंदी धरायच्या नाहीत. संग्राहकाचं नाव, तारीख आणि क्षेत्रक्रमांक (रानात नमुन्याला दिलेला क्रमांक) जुळवून त्या एका घटनेत बांधायच्या.

प्रत्येक ठिकाण दोघांनी स्वतंत्रपणे काढायचं. दोघांच्या बिंदूंतलं अंतर दोन्ही त्रिज्यांपैकी मोठीपेक्षा जास्त आलं, तर तिसऱ्याकडे. शेवटी १० टक्के नोंदी सोडत काढून निवडायच्या आणि मूळ फोटोवरून पुन्हा तपासायच्या.

१४ ऑक्टोबर

संकटातल्या प्रजातींची 'लाल यादी' करणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या निकषांवर पहिली आकडेमोड. लाल यादीतलं स्थान आणि साइट्सचं परिशिष्ट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, त्यांचे निकषही निराळे. तरी प्राधिकरणातला अधिकारी पहिला प्रश्न लाल यादीबद्दलच विचारतो, म्हणून ते मूल्यांकन सोबत हवं.

ब निकष वापरतो आहोत, कारण आपल्याकडे संख्या नाहीत, ठिकाणं आहेत. आढळाचा एकूण विस्तार सगळ्यांत बाहेरचे बिंदू जोडणाऱ्या बहुभुजाने काढतात. ५,००० चौ. किमीच्या खाली 'संकटग्रस्त', १०० च्या खाली 'अतिसंकटग्रस्त'. व्याप्त क्षेत्र २ × २ किमीच्या चौकटी मोजून, तिथे हेच उंबरठे ५०० आणि १० चौ. किमी. पण नुसता उंबरठा ओलांडून भागत नाही. विखंडन किंवा मोजक्या जागा, चालू असलेला ऱ्हास, टोकाचे चढउतार, या तिनांपैकी किमान दोन लागू व्हावे लागतात. लहान क्षेत्र म्हणजे आपोआप संकट, असं लिहिलेले मसुदे इथेच परत येतात.

चौकटींमध्ये त्रिज्येचा प्रश्न पुन्हा येतो. १० किमी त्रिज्येच्या नोंदीचं वर्तुळ ३१४ चौ. किमीचं, म्हणजे सुमारे ७८ चौकटींचं. त्यातली नेमकी कोणती भरायची? कोणतीच नाही. अशी नोंद विस्तारासाठी वापरता येते, व्याप्त क्षेत्रासाठी नाही. कुठली नोंद कशात धरली ते तक्त्यात लिहिलं आहे.

'जागा' हा शब्द निकषात धोक्याच्या अंगाने येतो. एकाच टेकडीच्या पाच घळी एकाच पकडणाऱ्या टोळीच्या आवाक्यात असतील तर ती एक जागा. पाच मोजल्या तर आकडा वाढतो आणि प्रजाती कागदावर सुरक्षित दिसते.

५ नोव्हेंबर

ऱ्हास. इथे सगळ्यांत जास्त सावध राहायला हवं. अमुक वर्षानंतर नमुना नाही, म्हणून पाल संपली, हे विधान बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत पडेल. नमुना नसण्याचं कारण बहुधा एवढंच असतं की त्यानंतर तिथे कुणी गोळा करायला गेलंच नाही.

सोपं सूत्र संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू सोलो यांनी १९९३ मध्ये मांडलेलं आहे: पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंतचा काळ, भागिले आजवरचा एकूण काळ, आणि त्याचा नोंदींच्या संख्येइतका घात. पहिली नोंद ही सुरुवात, ती संख्येत मोजायची नाही. समजा शंभर वर्षांत नंतरच्या १० नोंदी, शेवटची साठाव्या वर्षी. ०.६ चा दहावा घात ०.००६. म्हणजे प्रजाती अजून असती आणि पूर्वीइतकीच दिसत असती, तर इतकी लांब शांतता पडण्याची शक्यता हजारात सहा. आकडा जबरदस्त दिसतो. नोंदी तीनच असत्या तर तोच आकडा ०.२२ आला असता, त्यावर काही सांगता आलं नसतं.

पण सूत्र धरून चालतं की शोध सतत सारखा चालू होता. म्हणून काळ वर्षांत न मोजता त्याच भागात, त्याच पद्धतीने गोळा झालेल्या इतर पाली-सरड्यांच्या नोंदींत मोजला. याच उदाहरणात शेवटच्या चाळीस वर्षांत एकूण शोधापैकी ५ टक्केच शोध झाला असेल, तर ०.६ च्या जागी ०.९५ येतो आणि त्याचा दहावा घात ०.६०. हजारात सहाचे हजारात सहाशे! पहिला आकडा घेऊन बैठकीत गेलो असतो तर समोरच्या एका चांगल्या संख्याशास्त्रज्ञाने अख्खा प्रस्ताव झोपवला असता, आणि त्याबरोबर उरलेला खरा पुरावाही.

म्हणून ठरलं: ज्या ठिकाणी शोध पुरेसा झाला आहे तिथलाच ऱ्हास मांडायचा. बाकी ठिकाणी "माहिती अपुरी" असं सरळ लिहायचं. जिथे जुन्या दैनंदिनीत किती माणसं किती तास हिंडली हे दिलेलं आहे, त्या जागी तेवढेच तास, त्याच महिन्यात, रात्रीच्या त्याच वेळी पुन्हा फिरण्याचं क्षेत्रकामाचं नियोजन सुरू केलं. रिकामे हात घेऊन परतलेली फेरीही तपशिलासह नोंदवायची. तीच पुढे सगळ्यांत जास्त उपयोगी पडते.

२७ नोव्हेंबर

व्यापाराचा भाग. परिशिष्टात नसलेल्या प्रजातीचे आकडे साइट्सच्या व्यापार माहितीसाठ्यात नसतात, हे उघड आहे. सीमाशुल्काच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात जिवंत सरपटणारे प्राणी सगळे ०१०६.२० या एका सांकेतांकाखाली येतात, त्यात पाल वेगळी निघत नाही. अमेरिकेची 'लेमिस' ही आयात नोंद परिशिष्टाबाहेरच्या प्राण्यांचीही नोंद ठेवते, पण तिथेही बरेचदा जीनसपर्यंतच नाव असतं. त्यामुळे विक्रीच्या जाहिरातींची पाहणी लागते.

पाहणीचे नियम: काही विकत घ्यायचं नाही, विक्रेत्याशी बोलायचं नाही, खोटं खातं उघडायचं नाही. पडद्याची प्रत तारखेसह जतन, विक्रेत्याचं नाव-नंबर पुसून. एकच फोटो अनेक जाहिरातींत फिरतो, म्हणून फोटो जुळवणी करूनच मोजणी. आणि जाहिरातींचा आकडा म्हणजे विकलेल्या पालींचा आकडा नव्हे, हे वाक्य तक्त्याच्या खाली नाही, वर असावं.

"बंदिवासात पैदास केलेली" हा दावा तपासता येतो. बहुतेक पाली एका वेळी दोनच अंडी घालतात. २० माद्या, वर्षाला ४ विणी, दोन अंडी: सगळी उबली तरी १६० पिल्लं. त्याच साठ्यातून वर्षाला हजार पाली विकायला आल्या तर उरलेल्या कुठून आल्या, हा प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. सगळी प्रौढ जनावरं, तुटून पुन्हा उगवलेल्या शेपट्या, जुने व्रण, अंगावर गोचिडीसारखे किडे, ही रानातून उचलल्याची लक्षणं. एकट्या लक्षणावर निष्कर्ष काढू नये, एकत्र आली की विधान टिकतं.

११ डिसेंबर

आढळाच्या देशांशी विचारविनिमय. पत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडूनच जायला हवं, संग्रहालयाच्या कागदावर गेलं तर त्याला विचारविनिमयाचा दर्जा नाही. आधी चर्चा करायची नसेल तर प्रस्ताव १५० ऐवजी ३३० दिवस आधी द्यावा लागतो. तो रस्ता आपल्याला नको. शेजारी देशाला बातमी सचिवालयाकडून कळली तर त्याचा विरोध ओढवून घेतल्यासारखं होईल. पत्रासोबत त्या देशातल्या नमुन्यांची पूर्ण यादी आणि फोटो पाठवले. त्यांच्या भूमीतला पुरावा आधी त्यांच्या हाती असावा, ही साधी सभ्यता आहे.

२० जानेवारी

एक प्रजाती की अख्खा जीनस, यावर लांब चर्चा. निर्णय जीनसच्या बाजूने, आणि दोन्ही कारणं संग्रहातून आलेली.

पहिलं: या पालींच्या नव्या प्रजाती अजून वर्णन होत आहेत. प्रजातीवार यादी केली तर उद्या एका प्रजातीच्या तीन झाल्यावर नव्या दोघींचं काय, हा वाद सुरू होतो. जीनस घातला की पुढे वर्णन होणारीही त्यात आपोआप येते.

दुसरं: सीमाशुल्काच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक नसतो. मांडीवरची छिद्रं मोजून प्रजाती ठरवायला आपल्याला शांत खोलीत वेळ लागतो, तिथे डब्यात जिवंत पाल असते आणि रांग असते. सारख्या दिसणाऱ्या प्रजातींसाठी ९.२४ या, परिशिष्टांत प्रजाती घालण्याचे निकष सांगणाऱ्या साइट्सच्या ठरावाच्या जोडपत्र २ ब मध्ये सोयच आहे: व्यापारात आढळणाऱ्या रूपात त्या यादीतल्या प्रजातीपासून ओळखू येत नसतील तर त्याही घालता येतात. ज्यांचा ऱ्हास दाखवता येतो त्या २ अ खाली, उरलेल्या २ ब खाली. कोणती कशाखाली ते एकेक लिहिलं. सगळ्यांना धोका आहे असं सरसकट लिहिण्याचा मोह टाळायचा.

यामागे एक तांत्रिक बाबही आहे. परिषदेत मांडलेला प्रस्ताव अरुंद करता येतो, रुंद करता येत नाही. एक प्रजाती मागितली तर चर्चेत दुसरी वाढवता येणार नाही. जीनस मागितला तर गरज पडल्यास मागे यायला जागा आहे.

ओळखपत्रिकेचं काम सुरू: एक पान, चार फोटो, तीन खुणा, प्रत्येक खूण उघड्या डोळ्याला दिसेल अशी. संग्रहातल्या नमुन्यांचे फोटो इथे चालत नाहीत, अल्कोहोलमध्ये रंग जातो. जिवंत पालीचे फोटो रंगपट्टी आणि मोजपट्टीसह हवेत. पत्रिका पाली कधी न पाहिलेल्या माणसांना देऊन, मिश्र फोटोंतून ओळखायला लावून तपासायची. दोघं एकाच खुणेवर अडली की ती खूण बदलायची.

१७ फेब्रुवारी

मसुदा. साचा ९.२४ च्या जोडपत्र ६ मधला: वर्गीकरण, आढावा, वैशिष्ट्यं, स्थिती आणि कल, धोके, वापर आणि व्यापार, कायदे, व्यवस्थापन, सारख्या प्रजाती, विचारविनिमय. संदर्भ वगळून १२ पानं. त्याहून मोठा झाला तर कराराच्या कामकाजाच्या भाषांतली, म्हणजे इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश यांतली भाषांतरं मांडणाऱ्या देशाला करून द्यावी लागतात. प्राधिकरणाकडे त्यासाठी माणूस नाही, म्हणून १२ म्हणजे १२.

प्रत्येक वाक्याच्या समासात नमुन्याचा नोंदणी क्रमांक किंवा क्षेत्रफेरीचा क्रमांक. ज्या वाक्यापुढे क्रमांक येत नाही ते एकतर शिफारशीच्या कागदावर जातं किंवा कापलं जातं. "झपाट्याने", "चिंताजनक", "मोठ्या प्रमाणावर" हे शब्द शोधून काढले. त्यांच्या जागी आकडा बसला तर बसवला, नाही बसला तर वाक्यच गेलं. मसुदा दीड पानाने कमी झाला आणि आधीपेक्षा कितीतरी ठाम झाला.

२४ मार्च

नेमक्या ठिकाणांचा प्रश्न. चीनमधली गोनियुरोसॉरस लुई ही पाल १९९९ मध्ये वर्णन झाली आणि तिच्या मूळ ठिकाणी पकडणाऱ्यांनी ती संपवली. रोटी बेटावरचं लांबमानेचं कासव १९९४ मध्ये वर्णन झालं, त्याचीही तशीच लूट झाली. आपल्या नकाशाने तसं होऊ नये.

जाहीर प्रतीत अक्षांश-रेखांश ०.१ अंशापर्यंत गोळाबेरीज, म्हणजे सुमारे ११ किमी. तसं केल्याचं माहितीसाठ्यात स्पष्ट लिहायचं, नाहीतर पुढचा अभ्यासक तो बिंदू खरा धरतो. गुहा, घळ, शिलाखंड यांची नावं ठिकाणाच्या वर्णनातूनही काढायची. आकडा लपवला आणि नाव राहिलं, असं फार वेळा घडतं. फोटोंच्या फाइलमध्ये दडलेली जीपीएस माहितीही पुसायची. मूळ माहिती सीलबंद जोडपत्रात वैज्ञानिक प्राधिकरणाला.

२८ एप्रिल

प्राधिकरणातली बैठक. सोबत दोन पानी टिपण नेलं, पूर्ण मसुदा मागितला तेव्हाच दिला. अपेक्षित प्रश्न आले: परवान्यांचं काम कोण करणार, किती वाढणार, स्थानिक पकडणाऱ्यांच्या पोटाचं काय.

शेवटचा प्रश्न टाळायचा नाही. परवाना पद्धतीत मर्यादित, मोजून पकडलेला माल विकता येतो, हे खरं आहे. पण मर्यादा ठरवायला संख्या लागते, ती आज नाही. म्हणून शिफारशीत एक कलम वाढवलं: पहिली तीन वर्षं निर्यात कोटा शून्य, त्या काळात ठरावीक जागी मोजणी, आणि मोजणीच्या कामावर आज पाली पकडणाऱ्यांनाच रोजंदारी. पाली कुठे सापडतात हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही, आणि हे ज्ञान व्यापाऱ्याच्या ऐवजी गणनेच्या कामी यावं असं मनापासून वाटतं.

दोन आढळ-देशांची उत्तरं अनुकूल. आणखी एकाने आपल्या देशात पैदास केंद्रं असल्याचं सांगून विरोध कळवला. त्याचं पत्र जसंच्या तसं विचारविनिमयाच्या भागात घातलं. विरोधी मत आपणच छापलं की बैठकीत त्याचा धक्का बसत नाही.

९ जून

प्रस्ताव प्राधिकरणाकडून सचिवालयाला रवाना, मुदतीच्या आत. पोचपावती फाइलला.

पर्यायी रस्ताही लिहून ठेवला. मंजुरीसाठी उपस्थित राहून मत देणाऱ्या देशांची दोन तृतीयांश मतं लागतात, तटस्थ राहणारे मोजले जात नाहीत. प्रस्ताव पडला तर आढळाचा कोणताही देश आपल्या पाली परिशिष्ट ३ मध्ये केव्हाही घालू शकतो, त्याला मतदान लागत नाही. त्याचा मसुदा याच पुराव्यावरून तयार आहे. परिषदेत निरीक्षक म्हणून बसण्यासाठी देशांतर्गत संस्थेला आपल्या शासनाची संमती लागते, तो अर्ज आजच दिला.

मंजूर झाला तर ९० दिवसांनी लागू. त्याआधी संग्रहालयालाही स्वतःचं घर लावायचं आहे. या जीनसचे नमुने दुसऱ्या देशांतल्या संग्रहालयांना उसने जातात. लागू झाल्यावर परवान्याशिवाय पाठवायचे तर दोन्ही संस्थांची शास्त्रीय संस्था म्हणून नोंदणी हवी आणि पार्सलवर प्राधिकरणाने मान्य केलेली चिठ्ठी. उसन्या गेलेल्या सगळ्या नमुन्यांची यादी, कुठल्या संस्थेकडे, नोंदणी आहे की नाही या रकान्यांसह, ३० जूनपर्यंत. ज्यांची नोंदणी नाही त्यांना पत्र: नमुने परत पाठवा किंवा अर्ज करा.